नोव्हेंबरात लेक सुपीरियर: वारा फिरल्यावर तुम्ही कुठे असाल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे सेकंड ऑफिसर आहेत, रत्नागिरीकडचे. त्यांचं बल्क कॅरिअर नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सेंट लॉरेन्स नदीमधून वर येऊन लेक सुपीरियरवरच्या थंडर बे या कॅनडाच्या बंदरात गहू भरणार आहे आणि ग्रेट लेक्सची ही त्यांची पहिलीच खेप. ते विचारतात, "जून-जुलैतला अरबी समुद्र मी तीनदा पाहिलाय. पाच मीटरच्या लाटा आम्हाला नवीन नाहीत. मग एका तलावाबद्दल जुने लोक इतक्या गंभीरपणे का बोलतात? भाकितात नेमकं काय बघायचं, तयारी काय करायची आणि सोबत सामान काय घ्यायचं?"

मी या पाण्यात आधी परदेशी झेंड्याच्या जहाजांवर आलो, नंतर कॅनडात स्थायिक होऊन लेकर्सवर काम केलं. लेकर म्हणजे याच तलावांत आयुष्य काढणारं जहाज. तुमच्यासारख्या समुद्रावरून येणाऱ्या जहाजाला इथे सॉल्टी म्हणतात. पहिल्या खेपेला माझ्याही मनात हाच प्रश्न होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आकार डोळ्यांसमोर आणा. सुपीरियरचं क्षेत्रफळ सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाव भागाहून थोडं जास्तच. पश्चिम टोकापासून पूर्व टोकापर्यंत साधारण ५६० किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त २५० च्या आसपास, खोली सर्वांत जास्त ४०६ मीटर. 'तलाव' म्हटल्यावर आपल्याला पवई नाहीतर रंकाळा आठवतो. तो शब्द इथे विसरून जा. पण त्याला समुद्रही समजू नका, कारण खरी गोची तिथेच आहे. लाटा उठायला लागणारी जागा इथे भरपूर आहे, आणि त्या लाटांपासून लांब पळायला लागणारी जागा मात्र नाही.

मान्सूनचा अरबी समुद्र कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. वारा नैर्ऋत्येचा, आज तसाच उद्या. लाटेला लांबी असते. जहाज चढतं, उतरतं, पुन्हा चढतं. त्रास होतो, पण एक लय असते आणि ती लय आठवडाभर बदलत नाही. सुपीरियरच्या लाटेचा काळ, म्हणजे दोन शिखरांमधला वेळ, बहुतेकदा सात-आठ सेकंदांचा असतो, मोठ्या वादळात दहाच्या आसपास जातो. खोल पाण्यात लाटेची लांबी म्हणजे काळाचा वर्ग गुणिले १.५६ हे सूत्र तुम्ही परीक्षेसाठी पाठ केलं असेलच. बारा सेकंदांची लाट सुमारे २२५ मीटर लांब होते, आठ सेकंदांची फक्त १०० मीटर. उंची दोन्हींची पाच मीटर धरा. पहिल्या लाटेचा चढ साधारण पंचेचाळीसास एक आणि दुसरीचा वीसास एक. त्यामुळे भाकितात 'पाच मीटर' हा आकडा तोच दिसला तरी डेकवर येणारं पाणी तेच नसतं. नाक एका लाटेतून वर येतंय तोवर दुसरी समोर उभी असते. शिवाय भाकितात लिहिलेली उंची ही सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी सुटी लाट तिच्या जवळपास दुप्पट उंच येऊ शकते.

आता नोव्हेंबरच का? उन्हाळाभर तापलेलं पाणी हळूहळू थंड होतं. नोव्हेंबरात सुपीरियरचं पाणी साधारण पाच ते आठ अंशांवर असतं आणि त्याच वेळी कॅनडाच्या उत्तरेकडून शून्याखालची हवा त्याच्यावर उतरू लागते. खाली उबदार, वर गार, म्हणजे हवा अस्थिर. अशी हवा ढवळली जाते आणि वर वाहणारा जोराचा वारा पाण्यापर्यंत खेचला जातो. मे महिन्यात नेमकं उलटं असतं. थंड पाण्यावर उबदार हवा आली की वरचा वारा वरच राहतो आणि खाली पाणी गप्प पडून असतं. नकाशावर समदाब रेषा दोन्ही वेळी सारख्याच जवळजवळ दिसतील, पण नोव्हेंबरात त्याच रेषांमधून पाण्यावर कितीतरी जास्त वारा मिळतो. त्यात जेट प्रवाह (फार उंचावरून वाहणारा वेगवान वारा) दक्षिणेला सरकलेला असतो, एका बाजूला आर्क्टिकची हवा आणि दुसऱ्या बाजूला मेक्सिकोच्या आखाताकडची दमट हवा. कमी दाबाची केंद्रं दोन वाटांनी येतात. एक कोलोरॅडो-ओक्लाहोमाकडून ईशान्येला वर चढणारी, दुसरी अल्बर्टाकडून झपाट्याने खाली येणारी. पहिल्या प्रकारची वादळं जास्त खोल असतात, त्यांचा धाक जास्त.

आणि आता मुख्य गोष्ट. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा: भाकितात वाऱ्याचा जोर बघण्याआधी वारा फिरणार कधी आणि कुठे हे बघा. कमी दाबाचं केंद्र तुमच्या कोणत्या बाजूने जाणार यावर सगळं ठरतं. केंद्र तुमच्या दक्षिणेकडून गेलं, तर वारा पूर्व, ईशान्य, उत्तर करत वायव्येला येतो. केंद्र उत्तरेकडून गेलं, तर आग्नेय, दक्षिण, नैर्ऋत्य करत वायव्येला. दोन्ही वाटा शेवटी वायव्येलाच पोहोचतात, आणि केंद्र गेल्यावरचा तो वायव्य वारा बहुतेक वेळा आधीच्या वाऱ्यापेक्षा जोराचा आणि गार असतो. म्हणजे वादळाच्या पहिल्या भागात तुम्ही जो आडोसा शोधला, तोच दुसऱ्या भागात उघडा पडू शकतो. समुद्रात असताना आपण वादळाला नाक देऊन दोन दिवस तसेच उभे राहू शकतो. इथे कुठल्याही दिशेने काही तास गेलात की किनारा येतो.

१० नोव्हेंबर १९७५ ला बुडालेलं एडमंड फिट्झजेराल्ड या जहाजाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. लोक ती गोष्ट हळहळून सांगतात. मला वाटतं ती नकाशा समोर ठेवून वाचावी. २२२ मीटर लांब जहाज, पोटात २६,००० टनांहून जास्त लोहखनिजाच्या गोळ्या, ९ तारखेच्या दुपारी विस्कॉन्सिनमधल्या सुपीरियर बंदरातून निघालं. त्या संध्याकाळी गेलचा, म्हणजे जोराच्या वाऱ्याचा, इशारा आला, मध्यरात्रीनंतर तो वाढवून त्याच्या वरच्या पायरीचा, स्टॉर्मचा करण्यात आला. वारा ईशान्येचा होता, म्हणून कॅप्टन मॅकसॉर्ली आणि मागून येणाऱ्या आर्थर एम. अँडरसन या जहाजाने नेहमीची दक्षिणेची वाट सोडून उत्तरेकडची, कॅनडाच्या किनाऱ्याच्या आडोशाची वाट धरली. त्या वाऱ्याला तो निर्णय योग्यच होता. पण १० तारखेच्या दुपारी वारा वायव्येला फिरला तेव्हा ती दोन्ही जहाजं तलावाच्या पूर्व भागात होती, म्हणजे वायव्य वाऱ्याला जिथपर्यंत यायला सर्वांत लांब मोकळं पाणी मिळतं नेमकं तिथे. दुपारी रेलिंग तुटल्याचं, व्हेंट गेल्याचं आणि जहाज एका बाजूला कलल्याचं त्यांनी कळवलं. नंतर रडार गेले. तलावाच्या पूर्व टोकाकडच्या व्हाइटफिश पॉइंटचा दिवा आणि रेडिओ बीकनही त्या संध्याकाळी बंद पडले होते. सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास कॅप्टनचे शेवटचे शब्द आले, आम्ही तग धरून आहोत अशा अर्थाचे. व्हाइटफिश बे तिथून जेमतेम २७ किलोमीटर राहिला होता. २९ माणसं गेली, एकही वाचला नाही. जहाज नेमकं का बुडालं यावर तज्ज्ञांचं आजही एकमत नाही. हवामानाबद्दल मात्र फारशी शंका उरलेली नाही. २००६ साली हवामानशास्त्रज्ञांनी ते वादळ संगणकावर पुन्हा उभं केलं. तेव्हा दिसलं की तलावावरचा सर्वांत वाईट वारा आणि सात मीटरच्या पुढच्या लाटा नेमक्या त्याच वेळी, त्याच भागात होत्या.

तुमचा मार्ग याच पाण्यातून जातो. थंडर बे ते सू लॉक्स (सुपीरियरमधून लेक ह्युरॉनकडे उतरवणारी जलद्वारं) हे अंतर म्हणजे बारा-तेरा नॉटने साधारण वीस तास. वायव्य वाऱ्यात सुरुवात छान वाटते, कारण थंडर बे आणि आइल रॉयल बेट तुम्हाला आडोसा देतात. पुढे जाल तसं मागचं मोकळं पाणी वाढत जातं, लाटा पाठीमागून मोठ्या होत जातात, आणि सर्वांत वाईट पाणी भेटतं ते कॅरिबू बेट ते व्हाइटफिश पॉइंट या टप्प्यात, जिथे वाट अरुंद होते आणि माणसं दमलेली असतात. म्हणून निघताना थंडर बेमधला वारा बघून काहीच ठरवू नका. तुम्ही व्हाइटफिशला पोहोचाल त्या तासाचं भाकीत बघा.

माझा एक अनुभव सांगतो. मी तेव्हा तुमच्यासारखाच सेकंड होतो. गहू भरून झाला होता, हॅच बंद झाले होते. आग्नेयेचा पंधरा-वीस नॉट वारा, पाण्यावर विशेष काही नाही. पायलट म्हणाला की नांगरावर थांबू. आमचे कॅप्टन थांबले. चार्टररचे, म्हणजे जहाज भाड्याने घेणाऱ्यांचे, निरोपावर निरोप येत होते, जहाज का हलत नाही म्हणून. रात्री माझा अँकर वॉच होता. दोनच्या सुमारास वारा पडला, अगदी पूर्ण. ढग फाटून चांदणं दिसायला लागलं, आणि मी मनात म्हटलं, गेलं वादळ, आपण उगाच वेळ घालवला. पायलट चहाचा मग घेऊन ब्रिजवर आला, बॅरोमीटरकडे बघितलं आणि म्हणाला, नांगराची साखळी अजून दोन शॅकल सोडा. पन्नास मिनिटांनी वायव्येचा वारा आला. आला म्हणजे दार ढकलून आला. काही मिनिटांत चाळीस नॉटच्या वर, बर्फाचा मारा इतका की आमच्याच फोअरमास्टचा दिवा दिसेना. आम्ही किनाऱ्याच्या आडोशाला होतो, नांगर धरून राहिला, आमचं काही बिघडलं नाही. आग्नेय वारा पाहून निघालो असतो तर तो फिरला त्या क्षणी आम्ही उघड्यावर असतो आणि पुढचे बारा तास लाटा मागून वाढत गेल्या असत्या. त्या कॅप्टनबद्दल माझ्या मनात आजही फार आदर आहे. चौतीस तास थांबणं सोपं नव्हतं.

अशी मधली उसंत जुनी आहे. ७ ते १० नोव्हेंबर १९१३ च्या वादळात अडीचशेहून जास्त माणसं गेली, एकट्या लेक ह्युरॉनवर आठ जहाजं बुडाली. त्या वादळातही मध्ये जोर ओसरल्यासारखा वाटला होता आणि काही जहाजं बाहेर पडली होती. केंद्र डोक्यावरून जाताना दाब तळाला टेकतो आणि मग एकदम चढायला लागतो. तो चढ जितका उभा, तितका पुढचा वारा जोराचा. दर तासाला बॅरोमीटर लिहून काढा, यंत्रात नोंद होत असली तरी हाताने लिहा. हाताने लिहिलेला आकडा माणूस वाचतो.

भाकितं वाचताना एककांचा गोंधळ होतो, त्याची आधी सवय करा. अमेरिकेचं भाकीत लाटा फुटांत देतं, कॅनडाचं मीटरमध्ये. वारा दोन्हीकडे नॉटमध्ये. तलावांच्या चार्टवर आणि लेकर्सच्या बोलण्यात मैल म्हणजे जमिनीवरचा मैल, आपला नॉटिकल नव्हे. माझ्या पहिल्या खेपेला दुसऱ्या जहाजाने व्हीएचएफवर सांगितलेलं अंतर मी नॉटिकल धरलं होतं. इशाऱ्यांच्या पायऱ्या अशा: ३४ ते ४७ नॉटला गेल, ४८ ते ६३ ला स्टॉर्म, ६४ च्या पुढे हरिकेन फोर्स. दोन्ही देशांची भाकितं शेजारी ठेवून वाचा. वारा फिरण्याची वेळ दोघांत तीन-चार तासांनी वेगळी असेल, तर त्यातली वाईट वेळ धरून हिशेब करा. आणखी एक अडचण. तलावाच्या मध्यावरचे हवामान बोये बर्फ व्हायच्या आत, बहुतेक नोव्हेंबरातच काढून नेतात. ज्या महिन्यात आकडे सर्वांत जास्त हवेत, त्याच महिन्यात मधल्या पाण्यावरून लाटांची मोजणी येणं बंद होतं. मग स्टॅनर्ड रॉक, पॅसेज आयलंड अशा दीपगृहांवरच्या केंद्रांचा वारा बघायचा आणि पुढे असलेल्या जहाजांना विचारायचं. विचारायला अजिबात लाजू नका. इथले लोक मनापासून सांगतात.

आता गोठणाऱ्या तुषारांबद्दल, कारण ही गोष्ट मान्सून तुम्हाला शिकवत नाही. समुद्राचं पाणी उणे १.८ अंशांच्या आसपास गोठतं, तलावाचं शून्यालाच. वायव्य वाऱ्याबरोबर उणे आठ-दहाची हवा आली की नाकावर उडालेला प्रत्येक थेंब जिथे पडेल तिथे चिकटतो. तासाला दोन सेंटिमीटर किंवा जास्त बर्फ साचण्याची शक्यता असेल तर त्याचा वेगळा इशारा निघतो. हे वजन सगळं वर चढतं, पुढच्या बाजूला, रेलिंगवर, मास्टवर. जीएम, म्हणजे जहाज किती स्थिर आहे ते सांगणारा आकडा, कमी होतो. जहाज नेहमीपेक्षा सावकाश डोलायला लागलं आणि कलल्यावर परत यायला वेळ लावू लागलं, तर ते आरामशीर वाटतं. तसं वाटलं की त्याच क्षणी कॅप्टनना उठवा. वेग कमी करणं, लाटेचा कोन बदलणं, आडोशाला जाणं हे उपाय लवकर केले तरच उपयोगाचे. बर्फ फोडायचं काम आडोशाला पोहोचल्यावरच करायचं. माणसाला उघड्या डेकवर पाठवून नाही.

माझ्या मते सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे गोठलेला विंडलास, नांगर सोडायचं-उचलायचं यंत्र. आडोशाला पोहोचलात आणि नांगरच सुटला नाही, तर त्या आडोशाचा उपयोग काय? निघण्यापूर्वी ब्रेकवर, लीव्हरवर, चेनच्या तोंडावर ताडपत्री घट्ट बांधा, हायड्रॉलिक तेल हिवाळ्याचं आहे का ते बोसनबरोबर स्वतः बघा. लाइफराफ्टचे हूक, बॅलास्टच्या (तोल राखायला भरलेल्या पाण्याच्या) टाक्यांचे एअर पाइप, स्कपर (डेकवरचं पाणी बाहेर जायची भोकं) यांचंही तेच. एअर पाइप बर्फाने बुजलेला असताना पंप चालवला तर टाकीचं वाटोळं होतं. तुम्ही वर येताना बॅलास्ट खारं असणार, कारण सी-वेचा, म्हणजे सेंट लॉरेन्सच्या जलमार्गाचा, तसा नियमच आहे. खारं पाणी उशिरा गोठतं, तेवढी सोय. पण टॉपसाइड टाकीतलं पाणी मध्ये मध्ये हलवत राहा.

बर्फाच्या सरी, म्हणजे ज्याला इथे लेक इफेक्ट म्हणतात, त्या वाऱ्याच्या दिशेने लांबच लांब पट्ट्यांत येतात. पट्ट्याबाहेर लख्ख दिसतं, आत शिरलात की काहीच नाही. पट्टा साधारण कुठे आहे हे रडारवर दिसतं, पण आतलं लहान जहाज हरवू शकतं. व्हाइटफिशच्या तोंडाशी वाहतूक एकत्र येते, तिथे या पट्ट्यांची जास्त काळजी घ्या.

तलावाच्या पश्चिम टोकाच्या दुलुथ बंदराला जायची वेळ आली तर एक वेगळा धडा. तिथे ईशान्य वारा वाईट, कारण तो तलावाच्या लांबीने येतो आणि पश्चिम टोक नरसाळ्यासारखं निमुळतं आहे. बंदरात शिरायचा कालवा जेमतेम ९० मीटर रुंद. २८ नोव्हेंबर १९०५ च्या वादळात मटाफा हे जहाज त्याच कालव्याच्या तोंडाशी आपटलं आणि किनाऱ्यावरचे हजारो लोक बघत असताना त्यावरचे नऊ जण थंडीने गेले. १९८५ च्या नोव्हेंबरात सॉक्रेटिस नावाचं समुद्री मालवाहू जहाज तिथेच बाहेर नांगरून उभं होतं. नांगर घसरला आणि ते पार्क पॉइंटच्या वाळूवर चढलं. बाहेर नांगरून थांबायचं असेल आणि ईशान्येचा इशारा आला, तर नांगर उचलून खोल पाण्यात जाण्याचा निर्णय वारा वाढण्याआधी घ्या.

परतीत लेक एरी लागेल. तो उथळ आहे, सरासरी खोली १९ मीटर. तिथे नैर्ऋत्य वारा पाणीच उचलून पूर्वेला बफेलोकडे ढकलतो आणि पश्चिमेला टोलिडोकडे तळ वर येतो. दोन टोकांच्या पातळीत काही मीटरचा फरक पडतो. अंडर कील क्लिअरन्सचा (जहाजाच्या तळाखाली उरणाऱ्या पाण्याचा) हिशेब त्या दिवशीच्या पातळीवर करा, आदल्या दिवशीच्या नाही.

एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. माझे आजोबा हर्णैला तांडेल होते. आगोट, म्हणजे पावसाळ्याचं तोंड, आली की होड्या वर ओढून शाकारल्या जायच्या आणि नारळी पौर्णिमेपर्यंत कोणी पाण्याकडे पाठ फिरवल्याची लाज बाळगायचं नाही. इथे आगोटीच्याच दिवसांत सर्वांत जास्त घाई असते. सी-वे डिसेंबरच्या अखेरीस किंवा जानेवारीच्या सुरुवातीला बंद होतो, सू लॉक्स १५ जानेवारीला. प्रत्येकाला शेवटची खेप साधायची असते. तो दाब तुमच्या कॅप्टनवर असणार आहे आणि सेकंड ऑफिसर म्हणून तुमचं काम आहे त्यांच्या हातात चांगला कागद देणं: दर सहा तासांनी तुमचं अपेक्षित स्थान, तिथला अपेक्षित वारा, वारा फिरण्याची वेळ, आणि दोन्ही दिशांसाठी जवळचा आडोसा. ईशान्य वाऱ्यासाठी उत्तर किनारा, वायव्यसाठी थंडर बे किंवा कीविनॉ द्वीपकल्पाच्या आग्नेयेचा बेट ग्री (Bete Grise) नावाचा उपसागर. थांबायचं असं त्यांना ठरवायचं असेल, तर कंपनीला दाखवायला हाच कागद त्यांच्या उपयोगी पडेल.

शेवटी तुमचा सामानाचा प्रश्न. लोकरीचे हातमोजे दोन जोड्या आणि त्यावर चढणारे जलरोधक एक जोडी, एका मापाने मोठे सेफ्टी बूट म्हणजे आत जाड मोजे बसतील, कान झाकणारी टोपी. जहाजावरचे जॅकेट आपल्याकडच्या थंडीच्या हिशेबाने घेतलेले असतात, त्यावर विसंबू नका. माँट्रियलला थांबलात तर तिथे घ्या. आणि इमर्शन सूट पहिल्याच आठवड्यात स्वतः चढवून बघा, झिपला मेण लावा. पाच अंशांच्या पाण्यात पहिलं मिनिट श्वास सावरण्यात जातं आणि बोटं साधारण दहा मिनिटं ऐकतात. त्या वेळी झिप अडकलेली चालणार नाही. थंडर बेचं लोडिंग किती दिवसांचं आहे आणि तुमच्या जहाजाचा फोकसल (नाकाकडचा उंच डेक) किती उंच आहे ते कळवा, म्हणजे तुषारांबद्दल आणखी नेमकं सांगता येईल.